नोंद आणि नक्कल

मनुष्य जन्मास आला ही गोष्ट त्याच्या मातेस, सुइणीस आणि घरच्या चार माणसांस कितीही पक्की ठाऊक असली, तरी राज्यसंस्थेस ती ठाऊक होण्याचा मार्ग एकच आहे. आणि तो म्हणजे ज्या ठिकाणी जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाच्या वहीत वेळेवर पडलेली एक ओळ. त्या ओळीची सहीशिक्क्यानिशी मिळालेली नक्कल म्हणजेच जन्माचा दाखला. हा कागद असला तर बरा, नसला तर शाळेच्या दाखल्यावर भागते, अशा समजुतीने आपले लोक पुष्कळ काळ वागत आले. परंतु १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या योगाने १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, आधार आणि पासपोर्ट यांपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून हाच एक कागद ग्राह्य धरावयाचा, असे ठरून गेले. त्यामुळे हा दाखला कोणास सुखासुखी मिळतो, कोणास मिळत नाही, आणि न मिळाल्यास त्याचा दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, या प्रश्नाला आज पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

माझ्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अव्वल कारकून म्हणून सारी हयात घालवून निवृत्त झालेले आहेत. त्यांची भाची वकील असून मराठवाड्यातून ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना कागदपत्रे मिळवून देण्याचे काम करते. दोघांची हयात एकाच कागदाभोवती गेली. मात्र मामांनी तो खिडकीच्या आतून दिला आणि भाचीने तो खिडकीच्या बाहेरून मागितला, एवढ्या एका भेदाने त्यांच्या विचारात केवढे अंतर पडले आहे, ते त्यांचे संभाषण ऐकताना माझ्या ध्यानात आले. त्या संभाषणातील महत्त्वाचा भाग, मध्ये मला जे सुचले त्यासह, येथे मांडीत आहे.

प्रसंग एका लहान मुलीचा होता. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरचे जोडपे, त्यांच्या भाषेत एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्यावर गेले. तेथे कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, २०२४ च्या जानेवारीत ही मुलगी जन्मली. टोळीतल्याच एका वयस्कर बाईने बाळंतपण केले. आणि पुढे हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर सारी मंडळी गावी परतली. आता बाप दाखला मागण्यास गेला, तेव्हा गावच्या ग्रामसेवकाने सांगितले की जन्म येथला नव्हे, सबब नोंद येथे होणार नाही. आणि तळ ज्या गावच्या हद्दीत आहे तेथील ग्रामपंचायतीने सांगितले की आमच्या वहीत अशी नोंद नाही.

“दोघांनीही कायद्याप्रमाणेच सांगितले,” मामा म्हणाले. “जन्म जेथे झाला तेथेच नोंद, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. तो मोडला तर एकाच मुलाची दोन गावी दोन तारखांनी नोंद होईल आणि मग दोन्ही वह्या निरुपयोगी ठरतील. मुदतही कायद्याने दिलेलीच आहे. जन्मापासून एकवीस दिवस. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क. तीस दिवसांपासून वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी. आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम. काळ जितका लोटतो तितका पुरावा विरत जातो आणि म्हणून तितकी चौकशी वाढते. यात अन्याय तो कोणता?”

“अन्याय एवढाच,” भाची म्हणाली, “की ज्या बाईने बाळंतपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा उसाच्या मोळ्या बांधल्या, तिला तुम्ही एकवीस दिवसांची मुदत सांगता. दिवसाचा खाडा पडला तर उचलीत वळती होते. परक्या गावी ग्रामपंचायत कोठे आहे हे तिला ठाऊक नाही, आणि ग्रामसेवकाला ती तेथे आहे हे ठाऊक नाही. मामा, मुदत ही ज्याच्या हाती वेळ आहे त्याच्यासाठी असते.”

“मग काय, मुदतच नको?”

“मुदत असू द्या. पण ती चुकली म्हणून मूल जन्मलेच नाही, असे कोणी म्हणू नये.”

मामा काही वेळ बोलले नाहीत, आणि मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या पक्षाचे खरे सार होते, म्हणून मी ते सविस्तर देतो.

“तू जुन्या वह्या पाहिल्या आहेस. गाव नमुना चौदा. तुमच्या विदर्भाकडच्या मंडळींच्या तोंडी त्याचे नाव कोतवाल बुक. कडा तुटलेले, पिवळे पडलेले कागद. जुन्या असतील तर मोडी अक्षर. अनुक्रम, तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि माहिती देणाराचे नाव. मुलाचे नाव बहुधा नाहीच, कारण बारशापूर्वीच वर्दी यावयाची. तेथे नुसते ‘मुलगी’ एवढाच मजकूर. आता नकलेचा अर्ज आला म्हणजे आम्ही काय करीत होतो ते ऐक. अर्ज बारनिशीत चढवावयाचा. शोधाची फी भरून घ्यावयाची. मग वही काढून ओळीवर बोट ठेवून एकाने मूळ नोंद वाचावयाची आणि दुसऱ्याने नकलेवर डोळा ठेवून रुजवात घ्यावयाची. मुळात ‘सीताराम’चा ‘सिताराम’ असेल तर नकलेतही ऱ्हस्वच राहिला पाहिजे, आपल्या विद्वत्तेने तो दीर्घ करावयाचा नाही. आणि हे सारे झाल्यावर खाली ‘खरी नक्कल’ असा शेरा, तारीख, सही, हुद्दा आणि शिक्का. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने या नकलेला मुळाची किंमत दिली होती, आणि त्याच्या जागी २०२४ मध्ये नवा कायदा आला तरी ते तत्त्व बदललेले नाही. न्यायालय त्या नकलेवर विश्वास ठेवते. कारण ती देणाऱ्याला घेणाऱ्याच्या अडचणीशी काही कर्तव्य नसते. माणसाची गरज पाहून लिहिली की ती नोंद राहत नाही, शिफारसपत्र होते.”

“अडचणीशी कर्तव्य नसणे हा गुण आहे, असे म्हणता?”

“वहीच्या बाबतीत आहे. माझ्याकडे एक इसम आला. चांगला नोकरीत असलेला. म्हणे, साल दोन वर्षांनी पुढे लिहा, तेवढीच नोकरी वाढेल. त्याचीही अडचणच होती. आणि दुसरी गोष्ट सांगतो. एका गावी लग्न ठरले होते. मुलीचे वडील सांगत की तिला अठरा पुरी झाली, शाळेचा कागदही तसाच. ग्रामसेवकाने, जो आपल्याकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो, जन्माची मूळ नोंद काढविली, तेव्हा मुलगी सोळाची निघाली आणि लग्न थांबले. त्या दिवशी त्या मुलीच्या बाजूने घरचे कोणी उभे नव्हते. उभी होती ती सोळा वर्षांपूर्वी कोणी परक्या माणसाने लिहून ठेवलेली ओळ. ती ओळ गावाच्या विनंतीवरून वाकली असती तर? मूळ नोंदीला हात लावावयाचा नाही, चूक सिद्ध झाली तर समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करावयाची, हे कायद्याचे पंधरावे कलम ज्याने लिहिले, त्याला मी शहाणा मानतो.”

या उदाहरणाने मी अंतर्मुख झालो. कागदाचा कठोरपणा दुबळ्याला जाचतो असे आपण सहज बोलून जातो. पण दुबळ्याचा कैवार घेण्यास जेव्हा दुसरे कोणीच उरत नाही, तेव्हा तोच कठोरपणा त्याच्या कामी येतो, हे मामांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या नागरी नोंदणीच्या जाड बांधणीच्या वह्यांतील नोंदींच्या नकला आजही लोक मागतात आणि त्यांच्या आधाराने लिस्बनमध्ये आपले हक्क सांगतात. १९६१ साली ती राजवट गेली, परंतु तिच्या कारकुनांनी नेमाने लिहिलेल्या ओळी तिच्यामागे टिकून राहिल्या. निष्ठेने ठेवलेल्या दप्तराचे सामर्थ्य एवढे मोठे असते.

पण भाचीच्या मनात दुसराच विचार चालला होता. “मामा,” ती म्हणाली, “ती मुलगी वाचली, कारण तिची नोंद होती. माझ्या मुली कोणत्या वहीने वाचवावयाच्या? ज्या भागातून टोळ्या निघतात त्याच भागात मुलींची लग्ने लवकर होतात, कारण एकटी मुलगी मागे ठेवता येत नाही आणि जोडीने गेले तर उचल मिळते. तेथेच नेमकी नोंद नसते. म्हणजे तुमची वही राखण करते ती ज्याला ती अगोदर गाठता आली त्याची. राहिलेल्यांसाठी मास्तर आहेत आणि १ जून आहे.”

मामा हसले नाहीत. उलट ही गोष्ट त्यांना फार लागलेली दिसली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एका पिढीचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे येथे कोणास सांगावयास नको. जूनमध्ये शाळा उघडावयाची, मूल दारात उभे राहावयाचे, तारीख कोणासच ठाऊक नसावयाची, आणि मग मास्तर प्रवेशाचे वय भरेल अशा बेताने साल धरून १ जून टाकावयाचे. “वास्तविक,” मामा म्हणाले, “तहसिलीत त्याच मुलाची नोंद बहुधा होती. मास्तरांनी ती मागविली नाही आणि आम्ही ती आपण होऊन कोणाला दिली नाही. पुढे त्याच शाळेच्या तारखेवर माणसे नोकरीत लागली, निवृत्त झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिरद मल सिंघवी प्रकरणात स्पष्ट केले की शाळेच्या वहीतील तारीख कोणी आणि कशाच्या आधारे सांगितली हे जोवर सिद्ध होत नाही, तोवर तिला पुरावा म्हणून किंमत नाही. म्हणूनच तर मूळ नोंद हवी.”

“म्हणूनच मूळ नोंद हवी, हे मीही म्हणते. आपला वाद नकलेविषयी नाहीच. नक्कल देताना तुम्ही जी दक्षता सांगितलीत, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे, ती मला मान्य आहे. ती दक्षता नोंद घेताना कोठे होती, एवढेच मी विचारते.” असे म्हणून तिने पिशवीतून अधिनियमाचे पातळ पुस्तक काढले. “सातवे कलम वाचा. निबंधकाने त्याला आठव्या-नवव्या कलमान्वये मिळालेली वर्दी विनाशुल्क नोंदवावी, एवढेच ते म्हणत नाही. आपल्या हद्दीत होणाऱ्या प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची माहिती त्याने स्वतः काळजीपूर्वक करून घ्यावी आणि तपशील मिळवून नोंद करावी, असेही म्हणते. बाईवर एकवीस दिवसांचे बंधन आहे, तसे निबंधकावरही बंधन आहे. आणि त्याला तर दिवसांची मर्यादाही नाही, ते रोजचेच आहे. बाईने आपले बंधन चुकविले की तिला शुल्क, प्रतिज्ञापत्र, दंडाधिकारी. निबंधकाने चुकविले की काय?”

मामांनी पुस्तक हातात घेतले, चष्मा वर केला, कलम दोनदा वाचले. “हे कलम मला पाठ आहे,” ते सावकाश म्हणाले. “पण खरे सांगायचे तर ते कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही.”

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ या ठिकाणी आहे. जुन्या व्यवस्थेत गावचा कोतवाल गावातच राहणारा असे. कोणत्या घरी पाळणा हलला हे त्याला वर्दीवाचून कळे, आणि पाटलाच्या वहीत ते उतरे. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. आईचे नाव नसे, वाड्यापाड्यांवरचे जन्म सुटत, १८८६ च्या कायद्याखालील नोंदणी तर ऐच्छिकच होती. १९६९ च्या अधिनियमाने देशभर एक शिस्त आणली, नोंदणी सक्तीची केली, रुग्णालयांवर जबाबदारी टाकली, आणि त्याचा परिणाम म्हणून आज जन्मणाऱ्या बहुसंख्य मुलांची नोंद रुग्णालयातूनच होऊन जाते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील मुलांपैकी ८९ टक्के मुलांच्या जन्माची नोंद झालेली आढळली. परंतु या सुधारणेत एक गोष्ट हळूच गळून पडली. नोंद करणारा घराकडे जाण्याचा थांबला आणि वर्दीची वाट पाहत बसू लागला. ज्यांचा जन्म रुग्णालयात होतो त्यांच्या बाबतीत हे चालून जाते. उरलेले अकरा जे आहेत ते कोपीत, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर, डोंगरातल्या पाड्यावर जन्मतात. आणि त्यांच्याकडे कोणी जात नाही. मग वर्षांनी ते दारात आले म्हणजे, प्रथम जी सावधगिरी घ्यावयाची राहिली ती सारी शेवटी त्यांच्याकडून वसूल केली जाते.

“तू म्हणतेस ते मला कळते,” मामा म्हणाले, “पण सैल सोडून भागत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने वर्षावरच्या नोंदींचा हुकूम न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे दिला. हेतू चांगला; तहसिलीतच काम व्हावे. पण पडताळणी पुरेशी झाली नाही अशा तक्रारी उठल्या, आणि २०२५ च्या आरंभी राज्यात असे दाखले देणेच काही काळ थांबवावे लागले. मग कडक अटींनिशी ते पुन्हा सुरू झाले. जाहीर सूचना, हरकती, स्थानिक चौकशी, पोलिसांचा अभिप्राय. ढिलाई झाली की तिचा भुर्दंड कोणावर पडतो? ज्याचे खरे आहे त्याच्यावरच.”

“बरोबर. त्याच्यावरच पडला. त्या महिन्यांत माझे खरेखुरे अर्ज अडकून राहिले.”

“मग तू माझ्याच बाजूला आलीस.”

“नाही. मी म्हणते, वर्षानंतरची चौकशी जितकी कडक कराल तितकी करा. पण तिच्यापर्यंत माणसाला यावेच लागू नये असे काही करा. वर्षावरचा प्रत्येक अर्ज म्हणजे निबंधकाच्या सातव्या कलमातील कर्तव्याची एक चूक आहे, असे समजून कोणी तिची मोजदाद ठेवली आहे का?”

यावर मामांनी पुस्तकाची पाने पुढे उलटली, आणि येथून संभाषणाला जे वळण लागले ते मला अनपेक्षित होते; कारण अक्षराला चिकटून राहणाऱ्या या वृद्धाने त्या अक्षरातूनच एक वाट काढली. “आठवे कलम बघ,” ते म्हणाले. “वर्दी कोणी द्यावयाची? घरात जन्म झाला तर कुटुंबप्रमुखाने. रुग्णालयात झाला तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने. तुरुंगात झाला तर तुरुंगाधिकाऱ्याने. धर्मशाळा, वसतिगृह, खाणावळ, बराक, ताडीचे दुकान, लोकांच्या येण्याजाण्याची जागा, येथे झाला तर त्या जागेच्या प्रभारी इसमाने. आणि नियमांप्रमाणे, धावत्या वाहनात झाला तर वाहनाच्या प्रभारी इसमाने, पहिल्या मुक्कामाच्या ठिकाणी. आता तुझी ही कोपी. ती बाईचे घर आहे काय?”

“नाही. चार-सहा महिन्यांची पाचटाची कोपी. जागा कारखान्याची, पाणी कारखान्याचे.”

“मग बाप कुटुंबप्रमुख म्हणून एकटाच का जबाबदार? शेकडो कोप्या एका ओळीत, एका मालकाच्या जागेवर, एका हंगामापुरत्या. त्याला बराक म्हणावयास काय हरकत आहे? आणि बराक म्हटले की वर्दी देण्याचे कर्तव्य तळाच्या प्रभारी माणसावर येते. ते न केल्यास दंड आहे.”

भाचीने मान हलविली. “कारखाना म्हणेल, आमचा करार मुकादमाशी, कामगाराशी नाही. मुकादम म्हणेल, जागा माझी नाही. नवव्या कलमात चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलदोडा, सिंकोना यांच्या मळ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. मळ्याच्या व्यवस्थापकाने वर्दी द्यावयाची. इतर पिके राज्य शासनाला अधिसूचनेने त्यात घालता येतात. उसाचे नाव त्यात घालावे असे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे.”

“ते टिकणार नाही. मळा म्हणजे किमान चार हेक्टर. ऊस एका शेतकऱ्याचा एकरभर, दुसऱ्याचा दोन एकर. शिवाय मूल जन्मते तळावर; फडात नव्हे.”

“एखादे फडातही जन्मते, मामा.”

या वाक्यावर कोणीच काही बोलले नाही. कायद्याच्या भाषेत चहाच्या मळ्याची आठवण आहे, ताडीच्या दुकानाची आठवण आहे, धावत्या गाडीची आठवण आहे. ज्यांनी हा मसुदा केला त्यांनी माणसे कोठे कोठे जन्मू शकतात याचा बारकाईने विचार केला होता, याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. अशा स्थितीत दर हंगामात मराठवाड्यातून लाखो माणसे ज्या तळांवर जाऊन राहतात, त्या तळांचा स्पष्ट उल्लेख महाराष्ट्राने नियमांत करून घेऊ नये, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते. साखर कारखाना ही या राज्याची अभिमानाची संस्था आहे. गाळप किती झाले, उतारा किती पडला, याच्या नोंदी तेथे दर दिवशी आणि दशांशापर्यंत ठेवल्या जातात. त्याच आवारात हंगामात किती मुले जन्मली याची एक वही ठेवणे त्या संस्थेच्या शक्तीबाहेरचे खचित नाही. तळाच्या गावच्या ग्रामसेवकाने आठवड्यातून एकदा आशा कार्यकर्तीसह नमुना १ चे कोरे अर्ज घेऊन तळावर फेरी करावी, एवढ्याने सातव्या कलमाचे पालन होते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि नोंद झाली की वर्दी देणाराला पहिला दाखला विनाशुल्क, आणि आता सात दिवसांच्या आत, द्यावयाचा हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे.

मी हे बोलून दाखविले तेव्हा भाचीने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. टोळीतल्या काही बायका एकट्या असतात. नवरा सोडून गेलेल्या, काही अविवाहित माताही. त्यांना खिडकीवर पहिला प्रश्न बापाच्या नावाचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगून टाकले आहे की एकट्या किंवा अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या मुलाचा जन्मदाखला द्यावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नाव वडिलांच्या नावाआधी आणले. “पण खिडकीवरच्या माणसापर्यंत हे पोहोचावयास वेळ लागतो,” ती म्हणाली, “तोवर मी निकालाची प्रत जवळ बाळगते.” मामांनी यावर काही आक्षेप घेतला नाही, त्यांच्या साऱ्या नोकरीत आईच्या नावाचा रकाना रिकामा पाहण्याची सवय झाली होती, आणि तो रिकामा असणे ही नोंदीतली उणीव होती, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले.

“आता तुझ्या त्या मुलीचे काय?” त्यांनी विचारले. “ते तळाच्या गावचे उत्तर तोंडी मिळाले की लेखी?”

“तोंडी. लोकसेवा हक्क कायद्याखाली लेखी आणि कारणासह नकार मागणार आहे, मग अपील.”

“नकार मागू नकोस, शोध माग. तोंडी ‘नाही’ म्हणजे वही उघडलीच नसेल असे मी समजतो. जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन्ही महिने पाहावयास सांग. उशिरा आलेली वर्दी पुढच्या पानावर जाते आणि शोधणारा जानेवारीवरच थांबतो. आणि बापाच्या नावाने शोध घेताना आडनाव व गाव दोन्ही दे. परक्या मुलखात आडनावाच्या जागी गावाचे नाव पडलेले मी पाहिले आहे.”

“आणि नसेलच तर?”

“तर नमुना १०, अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र. ते हाती येईपर्यंत दंडाधिकाऱ्याकडे जाऊ नकोस. मधल्या काळात पुरावा गोळा कर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लसीकरणाच्या वहीत त्या महिन्यात मुलीचे नाव आहे का. माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या लसीची तारीख काय. मुकादमाच्या उचलीच्या कागदावर आणि कारखान्याच्या टोळीच्या यादीत त्या हंगामात आईबाप तेथे होते याची खूण आहे का. बाळंतपण केलेल्या बाईचे प्रतिज्ञापत्र, ती आज जिवंत आहे आणि तिला आठवते तोवर. दहाव्या कलमाने सुइणीवरही कळविण्याचे कर्तव्य आहे, म्हणून ती घाबरेल. तिला सांग की तिच्यावर कोणी खटला भरावयास बसलेले नाही. चौकशी कडक होईल, होऊ दे. कडक चौकशीतून निघालेला हुकूम पुढे पन्नास वर्षे कोणी हलवू शकत नाही.”

“हुकूम बीडच्या तहसिलीतून घेऊ? आईबाप तेथे राहतात. त्यांची मजुरी बुडणार नाही.”

“नाही. जन्म जेथला, अधिकार तेथला. त्यात मी तुला सूट देणार नाही.”

“मग त्यांच्या गाडीभाड्याची व्यवस्था मला करावी लागेल.”

“ती कर. किंवा येत्या हंगामात ते पुन्हा त्याच बाजूला जातील तेव्हा अर्ज दाखल करण्याचे धर; पण शोधाचा अर्ज आजच डाकेने पाठव. तळ ज्या गावच्या हद्दीत आहे त्या ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू निबंधकाच्या नावे कर, विषयात ‘नोंदीचा शोध व प्रमाणित प्रत मिळणेबाबत’ असे लिही, आणि सातव्या कलमाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात येऊ दे. मी वाचून देतो.”